पूरक म्हणजे किती

शनिवार, १३ जुलै

आज वर्गात मी 'काटकोन' म्हणाले आणि सगळ्या मुली माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. पहिल्या बाकावरची एक हळूच म्हणाली, "मैडम, समकोण?" हो ग बाई, समकोण. मिरजेला सात वर्षं मराठी माध्यमात भूमिती शिकवली, तेव्हा हे कधी मनातही आलं नव्हतं. इथे रेषा नाही, रेखा. त्रिकोण नाही, त्रिभुज. चौरसाला वर्ग म्हणायचं आणि वर्गाला कक्षा. एकरूप त्रिकोण इथे सर्वांगसम, व्यत्यास म्हणजे विलोम. घरी आल्यावर पुस्तकातले शब्द मोठ्यानं म्हणून पाठ करते. घरात मोठ्यानं बोलायला तेवढंच निमित्त.

गेल्या वर्षी अभिरामच्या बँकेनं आम्हाला जबलपूरला आणलं. मे महिन्यात त्याला भोपाळला पाठवलं, दोन महिन्यांसाठी म्हणून. मीही जाणार होते, पण रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी नववीचं गणित शिकवायला नुकताच होकार दिला होता. आणि तोच म्हणाला, "एवढ्याशासाठी कशाला घर हलवायचं?" खरंच होतं ते. आता जुलै अर्धा सरला. वरच्या लोकांनी मुदत वाढवली असणार. विचारायला हवं. पण फोनवर तो थकलेला वाटतो, मग असले विषय काढवत नाहीत.

संध्याकाळी खालून सरोजिनीकाकूंनी हाक मारली. त्या आमच्या घरमालकीण. त्यांच्या सासऱ्यांपासून सगळे इथल्या तोफांच्या सरकारी फॅक्टरीत. काका वारले, मुलं बाहेर. "काहून ग, एकटीच चहा पिऊन राहिली? खाली ये ना." वह्या तपासायच्या आहेत असं सांगितलं. वह्या नव्हत्या. काकू चांगल्या आहेत, पण अभिराम कधी येणार हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

शनिवार, २० जुलै

शाळा सुटल्यावर चार मुलींना थांबवून घेतलं. कोनांचा धडा पुढच्या आठवड्यात सुरू होतोय, त्याआधी जरा पाया. त्यातल्या तिघींना खरंच गरज होती. चौथी शकु बर्मन, तिला काही गरज नव्हती, ती आपणहून थांबली. बरगीकडची मुलगी. वडील धरणाच्या पाण्यात मासे धरतात, ही इथे मावशीकडे राहून शिकते.

परवा मी सांगत होते की दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे आपण मानून चालतो. तर उभी राहून म्हणाली, "मान क्यों लें, मैडम? किसने देखा?" बाकीच्या हसल्या. मला इतका आनंद झाला की तास संपेपर्यंत मी तिच्याशीच बोलत राहिले. मिरजेतही अशी एखादीच भेटायची.

आज कोनांच्या जोड्या घेतल्या. कोटिकोन शब्द त्यांना अगदीच नवा, नाकं मुरडली. पूरक मात्र लगेच कळलं. "हाँ मैडम, पूरक तो सुना है." हायसं वाटलं. एक तरी शब्द दोन्हीकडे सारखा निघाला.

अभिरामचा फोन नाही.

मंगळवार, २३ जुलै

सकाळी तासाची तयारी करताना दचकलेच. हिंदीत पूरक म्हणजे दोघांची बेरीज ९०! आपल्याकडचा कोटिकोन, तो यांचा पूरक. आणि आपला १८० चा पूरक, त्याला हे संपूरक म्हणतात. शब्द तोच, माप निम्मं. बरं झालं वर्गात जाण्याआधी लक्षात आलं, नाहीतर सगळ्या वर्गाला उलटं शिकवून बसले असते.

तास छान झाला. पूरक, संपूरक, आसन्न (आपला संलग्न), शीर्षाभिमुख (आपला विरुद्ध कोन), एकदाही अडखळले नाही. शकु नव्हती. वडिलांना ताप आहे म्हणून गावी गेली आहे. तिला काय, ती पुस्तक वाचून घेईल.

रविवार, ४ ऑगस्ट

हा आठवडा बरा गेला. 'जर-तर' घेतलं. फळ्यावर लिहिलं, 'जर बड़ा फुहारा चौकात गर्दी तुंबली, तर ऑटो उशिरा येतो.' मग विचारलं, आता ऑटो उशिरा आलाय, म्हणजे तिथे गर्दी तुंबली आहे असं म्हणता येईल का? अर्ध्या मुलींनी होकार दिला. शकु म्हणाली, "नहीं मैडम, ड्राइवर चाय पी रहा होगा." सगळा वर्ग खिदळला. मी म्हटलं, हेच तर! विधान खरं असलं म्हणून त्याचा विलोम खरा असायलाच हवा असं नाही. नववीतल्या मुलींना एवढं पक्कं कळलं तर वर्ष सत्कारणी लागलं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. सप्टेंबरमध्ये भोपाळला राज्यभरातल्या मुलांचं गणिताचं शिबिर आहे. प्रत्येक शाळेनं एकच नाव द्यायचं. तिथे निवड झालेल्यांना पुढचं शिक्षण आणि वसतिगृह मोफत. आमच्या प्राचार्या अमिता मैडमनी मला विचारलं आणि मी क्षणभरही न थांबता शकुचं नाव दिलं. सोबत शिक्षिकेनं जायचं आहे. म्हणजे मी. भोपाळला!

लगेच अभिरामला फोन लावला. तो म्हणाला, "सप्टेंबरमध्ये? बघू. मी तेव्हा बहुतेक दौऱ्यावर असेन." मी तारखा अजून सांगितल्याही नव्हत्या. बिचाऱ्याला किती फिरवून घेतात. कामात असला की त्याला फोन करायलाही सवड होत नाही. गेला पूर्ण आठवडा फोन नव्हता, त्यावरूनच समजायला हवं होतं मला, किती काम असेल ते.

बुधवार, १४ ऑगस्ट

चाचणीचे पेपर तपासले आणि मन विटून गेलं.

प्रश्न साधा होता. एक कोन त्याच्या पूरक कोनाच्या दुप्पट आहे, तर तो कोन किती? उत्तर ६०. ज्यांना आलं त्यांनी ६० लिहिलं, बाकीच्यांनी काहीबाही. पण दोन पेपरांत १२०. संपदाच्या आणि शकुच्या. दोघी एकाच बाकावर बसतात.

१२० कसं येतं हे मला नाही कळणार तर कुणाला? पूरक म्हणजे १८० धरलं की १२०. आता संपदा देशकर मराठी घरातली. तिचे आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेत, अकोल्याला शिकलेले, तेच तिचा अभ्यास घेतात. त्यांनी तिला मराठीतलं पूरक शिकवलं असणार. तिची चूक समजण्यासारखी आहे. पण शकु? तिच्या घरी मराठीचा गंध नाही. मावशीकडे नाही, गावी नाही. मग तिच्या डोक्यात १८० आलं कुठून? एकच वाट उरते, शेजारच्या पेपरातून.

बाकीचे प्रश्न शकुचे सगळे बरोबर आहेत. संपदाचे त्यातले दोन चुकलेत. पण म्हणून काय झालं, एवढाच एक अडला असेल आणि मान वळवली असेल. ज्या मुलीवर मी एवढा जीव लावला तिनं हे करावं. मला फसवल्यासारखं वाटतंय.

शनिवार, १७ ऑगस्ट

काल दोघींना वेगवेगळं बोलावलं. संपदा म्हणाली, आजोबांनी शिकवलं. म्हटलं होतं ना! शकुला विचारलं, "यह एक सौ बीस कैसे आया?" ती आधी गोंधळली. मग म्हणाली, "मैडम, वो तो आप ही..." मी तिथेच थांबवलं. चूक झाल्यावर ती बाईंवर ढकलायची, हे मी कुणाकडूनच ऐकून घेत नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. निर्दोष असती तर बोलली असती.

अमिता मैडमना सांगणं भाग होतं, कारण शिबिराला नाव जायचं होतं. मला वाटलं होतं त्या तिला बोलावून समज देतील. त्यांनी आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, माइकवरून नाव घेतलं. "शकुंतला बर्मन. नकल करने वाली लड़की इस स्कूल का नाम आगे नहीं ले जाएगी." शकु रांगेत ताठ उभी होती. रडली नाही. तिच्या मागची मुलगी दोन पावलं मागे सरकली, ते मी पाहिलं.

संध्याकाळी अभिरामला सगळं सांगावंसं वाटलं. दोनदा लावला. उचलला नाही. खाली काकूंच्या घरात टीव्ही चालू होता. जिन्यापर्यंत गेले आणि परत वर आले.

गुरुवार, २२ ऑगस्ट

शकु सोमवारपासून येत नाही. वर्गात कुणी काही विचारत नाही, कुणी हसतही नाही. मी प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तर देते. भोपाळला आता संपदाचं नाव जाणार.

शुक्रवार, ३० ऑगस्ट



दुपारी संपदाला शिबिराबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मी नाही जाणार, मॅडम."

"अगं, का?"

"ती जागा शकुची आहे."

मी तिला समजावू लागले, की शकुनं तुझं पाहून लिहिलं, त्यात तुझा काय दोष. तशी ती भडकली. ती एरवी माझ्याशी हिंदीतच बोलते, मराठी बोलताना तिला लाज वाटते. आज तिनं घरची मराठी काढली.

"तिनं काहून पाहावं माझं? मला काय येते? मीच तिचं पाहून होमवर्क करते. पूरक म्हणजे एक सौ अस्सी, हे तिला तुम्हीच सांगितलं ना! त्या शनिवारी, एक्स्ट्रा क्लासमध्ये. बाकीच्या तिघींना विचारा. त्यांनी मंगळवारी खोडून नव्वद केलं. शकु गावाला गेली होती, तिला कोण सांगणार होतं? ती तुम्हाला बोलूनच राहिली होती. तुम्ही ऐकलंच नाही."

मी खुर्चीत बसले. तो शनिवार डोळ्यांसमोर आला, जसाच्या तसा. माझ्याच तोंडचं वाक्य मला ऐकू आलं. 'पूरक, यानी दोनों मिलाकर एक सौ अस्सी.'

जबलपुरातली मराठी घरं मी मोजली. आजोबा मोजले, मावशी मोजली, गाव मोजलं. त्या वर्गात रोज उभी राहून मराठी बोलणारी बाई मोजायची राहिली. मुलींना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय की सगळ्या शक्यता मांडल्याशिवाय 'एकच वाट उरते' असं म्हणायचं नाही.

तशीच उठून अमिता मैडमकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "नाम अब कल संपदा का जाएगा, नहीं तो किसी का नहीं. और मैडम, जो हो गया सो हो गया. लड़की को फ़ोन करके बुला लीजिए, बात ख़त्म." मी म्हटलं, शकुचं नाव पाठवा. त्या म्हणाल्या, "जिसको मैंने सबके सामने नकलची कहा, उसी को भेजूँ?"

शकुच्या घरी फोन लागत नाही.

रविवार, १ सप्टेंबर

बरगीला जाऊन आले.

बसमधून उतरल्यावर बरंच चालावं लागलं. पाण्याच्या काठानं वस्ती आहे, उतारावर. विचारत विचारत गेले. शकु दारात जाळं पसरून त्यातला कचरा काढत बसली होती. मला पाहून उठली, ओढणी सारखी केली आणि आत निघून गेली. तिच्या आईनं बाज पुढे ओढली, चहा ठेवला. वडील अशक्त दिसत होते. पाण्याकडे हात करून म्हणाले, आमचं जुनं घर त्या तिकडे, खाली आहे. जणू मी तेच बघायला आले होते.

मी सांगितलं. हिंदी नीट जुळत नव्हती, तरी सगळं सांगितलं, की शब्द माझ्या भाषेतला होता, मीच शिकवला, मीच विसरले आणि मीच तिला चोर ठरवलं. वडिलांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "इसने तो उसी दिन बताया था कि मैडम ने ही सिखाया. हमने कहा, मैडम पढ़ी-लिखी हैं, वो झूठ बोलेंगी कि तू? दो हाथ लगा दिए इसको." आणि ते माझ्यासमोर रडले. मला कुठे बघावं कळेना.

शकु दाराशी येऊन उभी होती. मी तिला म्हटलं, "ग़लती मेरी थी, शकु. तुम्हारी नहीं."

ती म्हणाली, "यहाँ कहने से क्या होगा, मैडम? यहाँ तो किसी ने सुना नहीं था."

"कुठे सांगू?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. तिला कळलं.

"प्रार्थना में. जहाँ मेरा नाम लिया था."

मी होकार दिला. तिनं हसून वगैरे दाखवलं नाही. जाळं पुन्हा पुढे ओढून बसली. मी निघाले तेव्हा वडील बसपर्यंत सोडायला आले. चालवत नव्हतं त्यांना, तरी आले. त्यांच्याकडून एवढं मिळावं असं मी काही केलेलं नाही.

सोमवार, २ सप्टेंबर

अमिता मैडमची परवानगी मागितली नाही. मागितली असती तर नाही म्हणाल्या असत्या.

प्रार्थना संपल्यावर माइकपाशी गेले. म्हणाले की नववीच्या शकुंतला बर्मननं नक्कल केली नव्हती. उत्तर चुकलं ते मी चुकीचं शिकवलं म्हणून. तिनं खरं सांगायचा प्रयत्न केला, मी तिला बोलू दिलं नाही. दोन उत्तरं सारखी आहेत एवढ्यावरून कुणी कुणाचं पाहिलं हे सिद्ध होत नाही, हे मी ज्या वर्गाला शिकवलं त्याच वर्गातल्या मुलीवर मी तोच अन्याय केला. "मैं उससे माफ़ी माँगता हूँ," असंच म्हणून गेले, माँगती नाही, माँगता. एकही मुलगी हसली नाही.

शकु होती. मावशीसोबत सकाळच्या बसनं आली होती. मी सांगितलं ते करते की नाही हे बघायलाच आली असावी.

नंतर अमिता मैडमनी खोलीत बोलावलं. "आपने अपनी ग़लती मान ली, अच्छा है. मेरी भी मनवा दी, सबके सामने." मग टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाल्या, "आपका दिसंबर तक ही है ना?" मी म्हटलं, हो.

शिबिराची मुदत शनिवारी संपली. संपदानं अर्जावर सही केली नाही. शाळेतून कुणीच जाणार नाही. मी तिथल्या लोकांना फोन करून विनवण्या केल्या, त्यांनी पुढच्या वर्षी बघा म्हटलं. पुढच्या वर्षी शकु दहावीत असेल आणि दहावीच्या मुली ते घेत नाहीत. माफी मागून हे भरून येत नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

काकूंकडे गणपती बसला. आरतीला खाली गेले. इथले चार-पाच मराठी लोक आले होते. काकूंनी माझी ओळख करून दिली, "आमच्या वर राहते, गणिताची मास्तरीण." कुणी अभिरामबद्दल विचारलं. मी नेहमीचं सांगितलं, कामात आहे. सांगता सांगता थांबले. मला हे कुणी सांगितलंय? त्यानं तर नाही सांगितलं. मीच ठरवलंय.

रविवार, १५ सप्टेंबर

सकाळी फोन केला. त्यानं उचलला. मी इकडचं तिकडचं बोलले नाही, सरळ विचारलं, "तुझी भोपाळची मुदत कधी संपतेय?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मुदत नाहीये, प्रणोती. बदली आहे."

"कधीपासून?"

"मेपासूनच. मी मागून घेतली होती."

"काहून?"

"काय म्हणालीस?"

"का, असं म्हणाले."

तो म्हणाला, दुसरं कुणी नाहीये, तू तसलं काही समजू नकोस. घरी आलं की कुणीतरी आपली वाट बघत बसलेलं आहे, हे मला सोसेनासं झालं होतं. तू काही चुकीचं केलं नाहीस. तू नुसती असायचीस. मी सांगणारच होतो, जमलं नाही.

मी ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यानंच विचारलं, "ऐकतेस ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मग काकूंकडे गेले, या वेळी त्यांनी न बोलावता. सांगितलं. त्यांनी हातातली भाजी बाजूला ठेवली. "मला वाटतच होतं ग," म्हणाल्या. "दो महिने के लिए जाऊन राहिला होता ना मे महिन्यात? मग स्वेटर काहून नेले? जिन्यावरून बॅग उतरवताना वर स्वेटरच होते. मी पाहिलं. तुला कसं विचारू?"

ते मीही पाहिलं होतं. तो गेल्यावर कपाटाचा तो रिकामा कप्पा मीच पुसून घेतला होता आणि त्यात नवा कागद घातला होता.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही. शाळेत जाते, येते. वर्गात असताना बरं असतं. रविवार फार मोठा होतो. शिबिर संपून गेलं.

शकु येते, पण माझ्याशी जेवढ्यास तेवढं. पूर्वीसारखं 'क्यों, मैडम?' नाही. मी काही म्हणत नाही. विश्वास ठेव असं सांगून कुणी ठेवत नसतं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज चतुर्भुजाचा धडा चालू असताना मी फळ्यावर समांतर चतुर्भुज काढला, दोन्ही कर्ण काढले आणि म्हटलं, हे एकमेकांना दुभागतात. शकुचा हात वर. "चित्र में दिख रहा है, इसलिए मान लें?"

मी खडू तिच्या हातात दिला. ती अडली, पुन्हा सुरू केली, दोन त्रिकोण सर्वांगसम दाखवायला तिला बाकीचा तास लागला. मी खिडकीपाशी उभी राहिले. घंटा झाली तरी मुली उठल्या नाहीत.

रविवार, २० ऑक्टोबर

आज अभिराम येऊन गेला. त्याचं सामान न्यायला. खाली छोटा टेंपो उभा होता.

पाच महिन्यांनी त्याला पाहिलं. केस बारीक कापलेत, तब्येत सुधारली आहे. मला वाईट वाटेल असं तो काही बोलला नाही, चांगलं वाटेल असंही नाही. पुस्तकं खोक्यात भरली. टेबल तुलाच राहू दे म्हणाला. कपाट न्यायचं ठरलं होतं, ते जिन्यात अडकलं, तेव्हा टेंपोवाल्याबरोबर तो आणि मी, तिघांनी मिळून ते वळवून उतरवलं. तेवढा वेळ आम्ही अगदी पूर्वीसारखे बोलत होतो. जरा उजवीकडे घे. सांभाळ, बोट येईल. हळू.

वर येऊन तो शेवटचं खोकं बांधत होता तेवढ्यात दारावर टकटक झाली. संपदा आणि शकु. मला धक्काच बसला. शकु माझ्या घरी पहिल्यांदाच आली होती. संपदा म्हणाली, "मॅडम, हिच्या मनात कालपासून एक गोष्ट घुसून राहिली आहे, मला झोपू नाही देऊन राहिली." शकु दारातच उभी होती. पसरलेलं सामान बघून म्हणाली, "मैडम, बाद में आएँ?"

मी म्हटलं, "नाही. आत्ताच. बैठो."

फरशीवर बसलो. तिचा प्रश्न असा की कर्ण एकमेकांना दुभागत असतील तर तो समांतर चतुर्भुजच असला पाहिजे का. म्हणजे तिनं विलोम स्वतःहून शोधला होता आणि तपासल्याशिवाय तो खरा मानायला ती तयार नव्हती. मी तिला सांगितलं नाही खरं की खोटं. म्हटलं, दिलेलं काय आहे ते लिही. ती लिहू लागली. संपदा मध्ये मध्ये चुकीचं सुचवत होती आणि शकु तिला कोपरानं ढकलत होती.

"प्रणोती, जरा येतेस?" अभिरामनं बाहेरून हाक मारली.

"एक मिनिट," मी म्हटलं.

शकु एका पायरीवर अडली होती. दोन कोन समान आहेत हे तिला दिसत होतं, पण कशावरून ते सापडत नव्हतं. सांगून टाकावं असं फार वाटत होतं. मी हाताची घडी घालून बसले. मग ती एकदम ओरडली, "शीर्षाभिमुख! मैडम, शीर्षाभिमुख हैं ये!" आणि पुढचं भराभर लिहीत सुटली. तिच्या चेहऱ्याकडे मी बघत राहिले.

दोघी गेल्या तेव्हा ऊन कललं होतं. जिना रिकामा होता. टेंपो नव्हता. त्याची जायची वेळ मला कळलीच नाही. डिसेंबरनंतर शाळा ठेवेल की नाही माहीत नाही. सराफ्याच्या बाजूला एक शाळा आहे, तिथे परवा चौकशी करून आले. मिरजेला आईनं बोलावलंय. तिला अजून काही कळवलेलं नाही. घर आता एवढं मोकळं झालंय की शकुनं टाकून दिलेले चुरगळलेले कागद सगळ्या खोलीभर दिसत होते. ते मी गोळा केले नाहीत.

टेबलावर त्यानं त्याच्याकडची चावी ठेवली होती. दोन्ही चाव्या आता माझ्याकडेच आहेत. उद्या एक काकूंकडे ठेवायला देईन.